पटावर एकटी डेनीस

आमच्या वेस्ट विंडसरच्या पार्ट्यांमध्ये अनोळखी माणसाला विचारायचा पहिला प्रश्न म्हणजे, "कुठल्या कंपनीत?" मी तिथेच गारद व्हायचो. "कॉलेजात शिकवतो" म्हटलं की समोरचा खूश, कारण त्याला वाटायचं कॉम्प्युटर. "इंग्रजी साहित्य" म्हटलं की तो हातातल्या वाटीतल्या चिवड्यात शेंगदाणे शोधायला लागायचा. "तेही सगळ्यात जुनं" असं पुढे म्हटलं की संपलंच. एकदा सांता क्लाराहून लग्नाला आलेला एक तरुण इंजिनिअर फार सहानुभूतीनं म्हणाला, "काका, आमच्याकडे पण जुन्या सिस्टिम्स सांभाळणारे दोघं आहेत. त्यांना काढता येत नाही, कारण ते काय करतात ते दुसऱ्या कोणाला कळत नाही." माझ्या नोकरीचं इतकं नेमकं वर्णन नंतर कोणीही केलेलं नाही. फरक एवढाच की मला काढता येत होतं.

मी न्यू जर्सीतल्या एका कम्युनिटी कॉलेजात होतो. ज्यांना मोठ्या कॉलेजात थेट जाणं जमलं नाही ते आमच्याकडे येतात, दोन वर्षांचे क्रेडिट जमवतात आणि मग तिकडे जातात. त्यात हॉटेलात वाढपी असलेली मुलं असतात, सैन्यातून परत आलेले असतात, घटस्फोटानंतर पुन्हा वही उघडलेल्या बायका असतात. या मंडळींना मी निबंध लिहायला शिकवायचो. तो माझा वरणभात. आणि दर वसंतात, म्हणजे जानेवारीत सुरू होणाऱ्या सत्रात, एक मेजवानी: सुरुवातीचं इंग्रजी साहित्य, वीरकाव्यांपासून रेनेसान्सपर्यंत. हा कोर्स माझ्याकडे का आला? दुसऱ्या कोणाला नको होता म्हणून. साताऱ्याच्या माणसानं इंग्रजांचे पूर्वज शिकवायचे यात कोणाला काही विनोदी वाटलं असेल तर ते माझ्या तोंडावर हसले नाहीत.

हे जुनं इंग्रजी आजच्या इंग्रजाला वाचता येत नाही. त्याला ते परक्या भाषेसारखं शिकावं लागतं. त्यातल्या कवितेला आपल्यासारखं शेवटी यमक नसतं. ओळीचे दोन तुकडे, मध्ये श्वासापुरती फट, प्रत्येक तुकड्यात दोन ठोके, आणि त्या ठोक्यांवर एकच अक्षर पुन्हा पुन्हा आपटत जायचं. ही कविता कोपऱ्यात बसून वाचायची नव्हतीच. सरदाराचा मोठा लाकडी दिवाणखाना, मध्ये जाळ, लांबच लांब बाकांवर प्यायलेले शूर लोक, आणि शाहीर उभा राहून सांगतोय की कोणी कुठला राक्षस कसा लोळवला.

मी शाहीर म्हणालो बघा. तीच माझी चूक, आणि ती मी नोकरीच्या पहिल्याच वर्षी केली. वर्गातल्या मुलांच्या पापण्या मिटायला लागल्या होत्या. ठोके कसे पडतात हे फळ्यावर रेघा मारून समजावून झालं होतं, उपयोग शून्य. मग मी हातानं टेबलावर ताल धरला आणि ओळ म्हणायला लागलो. लहानपणी शिवजयंतीला चौकात ऐकलेल्या डफाचा ताल हाताला आपोआप आला, आणि ओळ संपल्यावर तोंडातून तितकंच आपोआप निघालं, "जी जी रं जी." मुलं ताडकन जागी झाली. दुसऱ्या ओळीला सगळा वर्ग म्हणाला, "जी जी रं जी." मी थांबवायला हवं होतं. पण शिक्षकाला वर्गाचा प्रतिसाद मिळाला की तो शहाण्यासारखं वागत नाही.

पुढे ती पद्धतच पडली. काही वर्षांनी माझा एक जुना विद्यार्थी मोठ्या विद्यापीठात गेला आणि तिथून त्याचा गोंधळलेला फोन आला. "प्रोफेसर, मी इथे वर्गात ओळ म्हणून दाखवली. शेवटी ते म्हटलं. बाई विचारतायत, हे कुठल्या हस्तलिखितात आहे?" मी त्याला म्हणालो, "सांग, दख्खनच्या प्रतीत." बिचाऱ्यानं तसंच सांगितलं.

असे पराक्रम बरेच आहेत. मी सगळे सांगत बसणार नाही, कारण बायको आमच्या मराठी मंडळाचा हा अंक वाचते. माझ्या नोकरीच्या शेवटच्या वसंतात काय झालं तेवढंच सांगतो.

त्या जानेवारीत कोर्सला नावं फारच कमी आली. ठरावीक संख्या भरली नाही की कोर्स रद्द, असा कॉलेजचा नियम. आमची डीन जेनेट हिनं मला बोलावून घेतलं. जेनेट मनानं चांगली, पण संख्येच्या बाबतीत कोणाची भीड ठेवायची नाही. "वर्ग सुरू होण्याच्या दिवसापर्यंत थांबते," ती म्हणाली. "तुमचा हा शेवटचा सेमिस्टर. मी तुम्हाला निबंधाचा आणखी एक वर्ग देईन. तुमचं काही अडणार नाही."

माझं अडणार नव्हतं. डेनीसचं अडणार होतं.

डेनीस स्कूल बस चालवायची. चाळिशी ओलांडलेली, उंच, आवाज असा की मागच्या सीटवरचं पोरगं नुसत्या नावानं खाली बसावं. सकाळची फेरी संपवून, बस डेपोत लावून ती वर्गाला यायची, तीही अंगातलं ते चमकतं केशरी जाकीट न काढता, आणि दुपारच्या फेरीच्या आधी निघायची. तिला शाळेत इंग्रजी शिकवायचं होतं. गेली कित्येक वर्षं ती एकेक कोर्स करत या टोकाला आली होती. एका मोठ्या कॉलेजनं तिला प्रवेश दिला होता, पण अट होती: सुरुवातीच्या इंग्रजी साहित्याचा हा एक कोर्स मे महिन्याच्या आत पूर्ण हवा. आदल्या वर्षी आईच्या आजारपणात तिनं प्रवेश एकदा पुढे ढकलून घेतला होता. दुसऱ्यांदा ढकलणार नाही, असं त्यांनी स्पष्ट कळवलं होतं. आणि तिच्या दोन फेऱ्यांच्या मधल्या वेळेत बसणारा असा कोर्स आसपास फक्त माझा होता.

"नाही झाला तर?" मी विचारलं.

"नाही झाला तर मी बस चांगली चालवते," ती म्हणाली. (तिचं इंग्रजी मी मराठीत सांगतोय. मूळ जास्त धारदार होतं.)

आता माझ्या डोक्यात प्रकाश पडला. मला तो पडतो तेव्हा मेधा, म्हणजे माझी बायको, काळजीत पडते. आमच्या कॉलेजात पासष्टच्या पुढच्या माणसाला फी माफ आहे. आणि आमच्या भागात पासष्टच्या पुढची मराठी माणसं किती? मुलगा-सून ऑफिसात, नातवंडं शाळेत, आणि आजी-आजोबा दुपारभर खिडकीतून बर्फ बघतायत. त्याच शनिवारी मंडळाची संक्रांत होती. शाळेच्या कॅफेटेरियात लहान मुलांचा फॅन्सी ड्रेस संपला आणि लकी ड्रॉ सुरू व्हायचा होता, तेवढ्यात मी माइक घेतला. म्हणालो, "राक्षस आहेत, सोन्यावर बसलेले अजगर आहेत, प्रेमात वेडे झालेले सरदार आहेत, परीक्षा नाही आणि फी माफ." शेवटच्या दोन शब्दांना टाळ्या पडल्या.

घरी येताना मेधा गाडीत म्हणाली, "अहो, त्या फी माफीचे नियम एकदा वाचून घ्या."

"नियम मला सांगतेस? जन्म गेला त्या कॉलेजात."

"म्हणूनच म्हणते. तुम्ही तिथे नियम सोडून सगळं वाचलंय."

मंगळवारी वर्ग भरला. काय सांगू तुम्हाला, भरला म्हणजे ओसंडला. शाली, कानटोप्या, थर्मास, तिळगुळाचे उरलेले डबे. नाव नोंदवलेली तीन-चार तरुण मुलं भेदरून एका कोपऱ्यात बसली. त्यांच्यात डेनीस, जाकिटासकट. मी छाती काढून जेनेटच्या ऑफिसात गेलो आणि म्हणालो, "ये, बघ माझा पट."

तिनं स्क्रीनकडे बघितलं. मग माझ्याकडे. फार हळू आवाजात म्हणाली, "फी माफ असलेले विद्यार्थी संख्येत धरत नाहीत. आधी फी भरणाऱ्यांची संख्या पुरी व्हावी लागते, मग उरलेल्या खुर्च्यांवर ते. हा नियम तुम्ही इथे आलात त्याच्या आधीपासून आहे."

कॉरिडॉर तसा लहानच आहे, पण परत येताना तो मला बराच लांब वाटला.

वर्गात मी उभ्या उभ्या खरं ते सांगितलं, आधी इंग्रजीत, मग मराठीत. कोर्स रद्द. तरुण मुलांना सुटका झाल्यासारखं वाटलं. त्यांनी तिथल्या तिथे फोनवरून सिनेमाच्या कोर्सला नावं हलवली आणि गेली. डेनीस जागची हलली नाही. तिनं फक्त जाकिटाची चेन वर ओढली.

"म्हणजे आम्ही मोजण्यात नाही," पुढच्या बाकावरून नाना म्हणाले. नाना नागपूरचे, वीज खात्यातून निवृत्त झालेले. बायको गेल्यावर मुलानं इकडे आणलेलं, ग्रीन कार्ड करून, कायमचं. "बावा, याच्यात नवीन काय आहे. घरी जेवायला किती जण विचारलं तर सून म्हणते, आम्ही चौघं आणि नाना."

कुंदाताई खळखळून हसल्या. त्या पुण्याच्या, मेधाच्या भिशीतल्या, कोणत्याही विषयावर मत असणाऱ्या. हसून झाल्यावर त्यांनी विचारलं, "पण सर, ती मुलगी का गेली नाही?"

मी डेनीसची अडचण सांगितली. नानांनी मान वळवली, चष्मा वर केला आणि तिला नीट न्याहाळलं.

"अरे, ही तर इशानची बसवाली."

डेनीसनंही तोवर ओळखलं होतं. "इशानचे आजोबा," ती म्हणाली आणि पहिल्यांदा थोडी हसली. छोट्या मुलांना घ्यायला घरचं कोणी स्टॉपवर आल्याशिवाय खाली उतरवत नाहीत. नानांचा गुडघा अधू, फुटपाथवर बर्फ. मागे गाड्यांची रांग लागली, हॉर्न वाजले, तरी नाना येईपर्यंत ही बाई बस हलवायची नाही, असं त्यांनी आम्हाला सांगितलं. मग ते उठलेच. "चला मास्तर. तुमच्या मॅडमकडे चला."

"नाना, नियम आहे तो."

"असू द्या ना. मी नियमातच जन्म काढला आहे. नियमाला बाजूनं एक दार असतेच."

जेनेटसमोर नाना त्यांच्या ऑफिशियल इंग्रजीत बोलले. त्याचा सारांश असा: मॅडम, आम्हाला मोजू नका, आमची तक्रार नाही. पण या एकीला तर मोजता? स्टॉपवर एकच पोरगं उभं असलं तरी ही बाई बस थांबवते. तुम्ही एकीसाठी कोर्स नाही चालवू शकत?

जेनेटनं नियमांचं पुस्तक उघडलं. बाजूचं दार होतं. एकट्या विद्यार्थ्याला एखादा प्राध्यापक स्वतंत्रपणे कोर्स शिकवू शकतो. मात्र ते काम त्यानं स्वतःच्या वेळात करायचं, आणि शेवटी दुसऱ्या प्राध्यापकासमोर विद्यार्थ्याची तोंडी परीक्षा, सर्वांसाठी खुली. त्यात उतरली तर क्रेडिट, नाही तर नाही.

"आणि हे लोक?" मी विचारलं.

"पाहुणे," जेनेट म्हणाली. "पाहुणे मला मोजावे लागत नाहीत."

तर असा तो वर्ग चालू झाला. पटावर एकटी डेनीस, आणि बाकांवर न मोजलेली सगळी मंडळी. इतकी वर्षं मी मुलांना सांगत आलो होतो की ही कविता एकट्यानं वाचायची नाही, लांब बाकांवर बसून ऐकायची. त्या वसंतात ते मला पहिल्यांदा डोळ्यांनी दिसलं. थर्मासमध्ये चहा होता, एवढाच फरक.

वीरकाव्यातला एक रिवाज असा की लढाईला जायच्या आधी वीरानं सभेत उभं राहून आपल्या जुन्या पराक्रमांची यादी सांगायची आणि उद्या काय करणार ते जाहीर करायचं. कुंदाताई म्हणाल्या, "मंडळाच्या निवडणुकीत काय वेगळं असतं?" पुढच्या एका काव्यात यात्रेकरू वाटेत एकमेकांना गोष्टी सांगतात, ते वाचताना सगळ्यांना आपली नायगाराची बस-सहल आठवली, कोणी अश्लील विनोद सांगितला होता आणि कोण लाजून खिडकीबाहेर बघत होतं, यावर पाऊण तास गेला आणि माझं व्याख्यान राहिलं. रेनेसान्सपर्यंत आलो, चौदा ओळींच्या प्रेमकविता सुरू झाल्या. नायिका बर्फासारखी थंड, कवी जळतोय, विझतोय, पुन्हा जळतोय. कुंदाताईंनी पदर खोचल्यासारखी शाल खोचली. "हा तिच्याशी एकदा तरी बोललाय का?"

"बहुधा नाही."

"मग चौदा ओळी रडण्यापेक्षा तिच्या मावशीला गाठायचं होतं."

डेनीसला मी याचं भाषांतर करून दिलं. तिनं ते समासात लिहून घेतलं, अगदी गंभीरपणे. "हे मी परीक्षेत वापरू शकते?" मी हो म्हणालो. माझा शेवटचाच सेमिस्टर होता.

पण एक दिवस वेगळा गेला. त्या जुन्या कवितांमध्ये एक जातच आहे: एकटा पडलेला माणूस. ज्याच्या दिवाणखान्यात तो बसायचा तो सरदार मेलेला, सोबती गेलेले, आणि हा थंड समुद्रावर कुठेतरी होडी वल्हवतोय. त्याला झोपेत जुनी सभा दिसते, जाग आल्यावर लाटा. असलं मी सवयीनं शिकवत होतो. कुठे थांबायचं, कुठे आवाज खाली आणायचा, सगळं पाठ. संपल्यावर बघतो तर कोणी चहा ओतत नव्हतं.

"हा घरी परत का नाही जात?" नानांनी विचारलं.

"घर आहे, नाना. पण तिथे आता कोणी नाही."

नाना गुडघा चोळत राहिले. "हो. मग जाऊन काय करणार," ते म्हणाले. कुंदाताईंनी त्यांच्या पुढ्यात थर्मासचं झाकण भरून ठेवलं.

डेनीसला मराठी कळत नव्हतं, पण तिनं विचारलं नाही की ते काय म्हणाले. ती म्हणाली, "शेवटचं मूल उतरलं ना, की बस अशीच असते. मी मागे वळून प्रत्येक सीट तपासते, कोणी झोपून राहिलंय का बघायला. तो नियम आहे. कोणी नसतं. पण मोजे, डबे, अर्धं सफरचंद सगळं असतं. आवाजही असतो, मिनिटभर." मग खांदे उडवून म्हणाली, "मला वाटतं, मी यावरच बोलेन परीक्षेत."

मी इतकी वर्षं शिकवत होतो. त्या कवितांबद्दल मोजे आणि अर्धं सफरचंद यांच्याइतकं चांगलं काही मला सुचलेलं नव्हतं. मी अर्थातच म्हणालो, "हं, याचा विस्तार कर." शिक्षकाला हेवा वाटला की तो विस्तार करायला सांगतो.

परीक्षक म्हणून वॉल्टर आला. आमच्याच कॉलेजातला, भाषाशास्त्र शिकवणारा, आणि आख्ख्या इमारतीत जुनं इंग्रजी खरोखर येणारा एकमेव माणूस. मी त्यात स्वतःला मुद्दामच धरलेलं नाही. वॉल्टर उच्चाराच्या बाबतीत इतका काटेकोर की आपलं नाव कोणी नीट घेतलं नाही तर वळायचासुद्धा नाही. मी आदल्या दिवशी डेनीसला सगळं सांगितलं: कुठे श्वास, कुठे ठोका, आणि ओळीनंतर काहीही म्हणायचं नाही. एक शब्दही नाही. ती म्हणाली, "प्रोफेसर, मला माहीत आहे." बाकांवरच्या मंडळींना हे सांगायचं माझ्या लक्षात राहिलं नाही. उलट मीच सगळ्यांना म्हणालो होतो, "या नक्की, तिला धीर येईल."

आले. कुंदाताई पैठणी नेसून आल्या. डेनीसनं प्रथमच जाकीट काढून ठेवलं होतं. त्याशिवाय ती लहान दिसत होती. वॉल्टर समोर पॅड घेऊन बसला, मी त्याच्या शेजारी. तिनं श्वास घेतला आणि होडीतल्या एकट्या माणसाच्या कवितेला सुरुवात केली. पहिली ओळ सुरेख. दुसरी ओळ त्याहून. आणि तिसऱ्या ओळीला कुठेतरी टेबल वाजायला लागलं.

कोण मूर्ख वाजवतोय म्हणून मी रागानं बघितलं. माझाच हात होता.

थांबवेपर्यंत उशीर झाला. ताल ऐकल्यावर मागच्या बाकांनी जे चार महिने केलं तेच केलं. ओळ संपली, आणि सगळी सभा एका सुरात म्हणाली, "जी जी रं जी." सगळ्यात मोठा आवाज नानांचा.

वॉल्टरनं पेन खाली ठेवलं. "हे काय आहे?"

मी समजावून सांगायला तोंड उघडलं. डोळ्यांसमोर एकच दिसत होतं: ही बाई पुढची वीस वर्षं बस चालवतेय, आणि ते माझ्या उजव्या हातामुळे.

"प्रोफेसर बोलणार नाहीत," वॉल्टर म्हणाला. "परीक्षा तुमची आहे. हे संहितेत आहे?"

"नाही," डेनीस म्हणाली. "हे यांच्या गावचं आहे. तिकडे शाहीर अजून असे गातात, आणि लोक असे साथ देतात. संहितेत फक्त शाहिराचे शब्द उरलेत. ऐकणारे काय करत होते ते कोणी लिहून ठेवलं नाही. ते गप्प बसत असतील असं आपण धरून चालतो, कारण आपण गप्प बसून वाचतो."

"त्याला पुरावा?"

"नाही. मला माहीत नाही ते काय करत होते. तुम्हालाही नाही." मग तिनं मागे वळून, बसमध्ये वापरते त्या आवाजात, नाव घेतल्यासारखं म्हटलं, "आता सगळ्यांनी गप्प बसा, प्लीज." भाषांतराची गरज पडली नाही. आणि तिनं तेच कडवं पुन्हा म्हटलं. बिनतालाचं, वॉल्टरच्या उच्चारांत, ओळीमागून ओळ. प्रत्येक ओळीनंतर ती क्षणभर थांबत होती आणि त्या जागेत काहीच होत नव्हतं. ते काहीच नसणं सगळ्या खोलीला ऐकू आलं.

"आता हा एकटा आहे," ती म्हणाली, आणि रिकाम्या बसबद्दल बोलायला लागली.

वॉल्टरनं नंतर तिला बरंच छळलं. एका शब्दाच्या तीन रूपांवर ती अडकली, रेनेसान्सच्या प्रश्नात तिनं एक शतक इकडचं तिकडे केलं. मावशीचा मुद्दा तिनं खरोखर मांडला. वॉल्टरनं तो लिहून घेतला की खोडला ते मला दिसलं नाही. शेवटी त्यानं पॅड मिटवलं, माझ्याकडे न बघता एक अक्षर लिहिलेला कागद माझ्यापुढे सरकवला. बी. कोर्स पूर्ण. मी तो डेनीसला दाखवला. तिनं तो दोनदा वाचला, एक अक्षर दोनदा, आणि खुर्चीवरचं जाकीट उचलून तोंडावर धरलं. कुंदाताई उठून तिच्याजवळ गेल्या आणि तिच्या पाठीवर हात फिरवत उभ्या राहिल्या.

जाता जाता वॉल्टरनं नानांना विचारलं, "ते तुम्ही नेमकं कधी म्हणता? ओळ संपल्यावर की मध्ये?"

"मास्तर ओळ विसरले की," नाना म्हणाले.

वॉल्टर गेला. मी टेबलावरचे कागद आवरायला लागलो. शेवटच्या वर्गानंतर कागद आवरणं हे फार सोयीचं काम आहे, मान खाली ठेवता येते. पण मंडळी उठेनात.

"सर," कुंदाताई म्हणाल्या, "आणि आमचा निकाल?"

मी समजावलं की पाहुण्यांना निकाल नसतो. कॉलेजकडे तुमची नोंदच नाही, तर मी गुण कशावर देऊ? खरं होतं सगळं. तरी नाना म्हणाले, "मुलगा रोज विचारते, बाबा तुमचा कोर्स कसा चालला. त्याला काही सांगाव तर लागंन."

मी डेनीसला ते इंग्रजीत सांगितलं, तिनं हसावं म्हणून. ती हसली नाही. तिनं डोळे पुसले, जाकीट खुर्चीवर नीट टांगलं, आणि फळ्याकडे गेली. खडू घेतला. "ओके," ती म्हणाली. "एकेक जण. पुढच्या बाकापासून."

आणि तिनं खरोखर परीक्षा घेतली. प्रत्येकाला एक प्रश्न. कुंदाताईंना चौदा ओळींची कविता कुठे वळते, म्हणजे कवीचा विचार कुठे पालटतो, ते विचारलं. त्यांनी मोडक्यातोडक्या इंग्रजीत बरोबर सांगितलं, त्यांना ए मायनस. मायनस का, असं त्यांनी विचारलं तर म्हणाली, "दुसऱ्यांना उत्तरं सांगता म्हणून." सोलापूरच्या एका आजोबांना काहीच आलं नाही, पण ते एकही दिवस चुकले नव्हते हे तिला ठाऊक होतं, बी. ती घाईत नव्हती. चुकलं की थांबायची, पुन्हा विचारायची, वेगळ्या शब्दांत, आणि उत्तर येईपर्यंत तिथून हलायची नाही. दुपारच्या फेरीची वेळ झाली तेव्हा तिनं घड्याळाकडे बघितलं आणि आणखी दोघांना विचारलं. मी मागच्या बाकावर जाऊन बसलो होतो. त्या खोलीत मी तिथे कधीच बसलो नव्हतो. तिथून फळा छान दिसतो.

नाना शेवटी. त्यांना तिनं विचारलं, तो एकटा माणूस होडीतून उतरत का नाही. नाना बराच वेळ बोलले, निम्मं इंग्रजी, निम्मं नागपुरी, मध्ये वीज खातंही आलं. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि फळ्यावर लिहिलं: सी प्लस.

"सी प्लस?" नानांनी माझ्याकडे वळून बघितलं. "मास्तर, सांगा ना तिला काही."

"माझं इथे काही चालत नाही, नाना."

"उत्तर चांगलं होतं," डेनीस खडूचे हात झटकत म्हणाली. "पण चार महिने तुम्ही वर्गात सारखे बोलत होतात. पुढच्या वेळी सुधारा." मग जाकीट घालून ती बससाठी निघाली.

आम्ही सगळे पार्किंगकडे चाललो तेव्हा नाना जरा मागे राहिले होते. फोनवर मुलाशी बोलत होते. "नाही रे, पास झालो," ते सांगत होते. "सी प्लस. हो, कमीच आहे. आमच्या बाई लय कडक आहेत."